साळकोटच्या कोरड्या विहिरी

अक्कानं तांदूळ धुतले आणि ते पाणी मोरीत न ओतता पातेल्यात धरून ठेवलं. त्याच पाण्यात तिनं भाजी धुतली. मग त्याच पाण्यात चहाची भांडी विसळली आणि उरलेलं गढूळ पाणी घेऊन ती गॅलरीतल्या गवती चहाच्या कुंडीकडे निघाली.

"अक्का, नळाला पाणी आहे गं," मी म्हटलं. "दुपारपर्यंत असतं. ओतून दे की."

"असू दे. हाताला सवय लागलीया," ती म्हणाली. कुंडीत पाणी घालतानाही तिनं पातेलं शेवटच्या थेंबापर्यंत उलटं धरलं होतं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. साळकोट तालुक्यात दिलेली. दाढ ठणकत होती म्हणून पुण्याच्या दवाखान्यात दाखवायला आली होती आणि आठवडाभर माझ्याकडेच होती. मी तेव्हा पाण्याचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत प्रोग्रॅमर होते. कायम नव्हते, करारावर. दर एप्रिलमध्ये संचालक नव्या कागदावर सही करायचे आणि मग मी पुढचं वर्षभर श्वास घ्यायची. ह्यांची कंपनी बंद पडली होती, मुलगी शाळेत होती आणि घर त्या एका सहीवर चाललं होतं. कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढून जावं लागे आणि पडद्यावरची अक्षरं हिरवी असत, त्या काळातली ही गोष्ट.

अक्काला बरं वाटावं म्हणून मी तिला आमच्या कामातली एक आनंदाची बातमी सांगितली. तिच्या साळकोट तालुक्यात जमिनीखालचं पाणी वर आलं होतं. दरवर्षी थोडं थोडं करत चांगलंच वर आलं होतं. बंधाऱ्यांची कामं झाली त्याचा गुण, असं आमचे संचालक म्हणत होते. मंगळवारी मुंबईचे साहेब लोक येणार होते, त्यांना मी साळकोटचाच नकाशा काढून दाखवणार होते. आधी लाल असलेला तालुका आता निळा झाला होता.

अक्का गाल धरून हसली. हसताना दाढ दुखली तशी थांबली आणि म्हणाली, "कुणाच्या हिरीला पाणी आलंय गं?"

"कुणा एकाच्या नाही. तालुक्याची सरासरी."

"तालुक्याचं मला न्हाय म्हाईत. आमच्या हिरीत कबुतरं ऱ्हात्यात. दोन वर्सं झाली. शेजारच्या तात्याच्या हिरीत बी तेच. टँकर येतो तवा चूल पेटती. आडातच न्हाय तर पोहऱ्यात कुठनं यायचं, शैले?" मग माझा उतरलेला चेहरा पाहून तिनं मला चिडवलं, "तुझ्या त्या मशिनीला म्हणावं, एकदा ये आमच्याकडं आंघोळीला."

मी पण हसले. अक्काची विहीर आमच्या मोजणीतली नव्हती हे खरं. एका विहिरीवरून तालुका ठरत नाही, हेही खरं. तरी ती कबुतरं काही माझ्या डोक्यातून जाईनात.

आता आवटी सरांविषयी सांगायला हवं. डॉ. यशवंत आवटी आमच्या संस्थेतले सगळ्यात जुने शास्त्रज्ञ. किडकिडीत अंगाचे, अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट, आम्लपित्तामुळे सदा कपाळाला आठी. त्यांनी 'जलरेखा' नावाचा एक प्रोग्रॅम लिहिला होता. राज्यभरातल्या ठरावीक विहिरींत वर्षातून दोनदा फीत सोडून पाणी किती खोल आहे ते मोजलं जायचं, ते आकडे जलरेखात घातले की ती सरासरी काढायची, कल सांगायची आणि नकाशा रंगवायची. कॉम्प्युटरला भोकं पाडलेली कार्डं भरवावी लागत त्या दिवसांपासून सर तिच्यावर काम करत होते. त्यांच्या बायकोनं तिचं नाव सवत ठेवलं होतं. संचालकपद दोनदा त्यांना डावलून दुसऱ्यांना दिलं गेलं आणि तिसऱ्यांदा ते त्यांना कनिष्ठ असलेल्या नाईकनवरे साहेबांना मिळालं, तेव्हाही सर म्हणे प्रिंटरची रिबन बदलत होते.

त्या महिनाअखेर सर निवृत्त होणार होते. मंगळवारची बैठक ही जलरेखाची शेवटची परीक्षा होती. साहेबांनी मान डोलावली की ती सगळ्या जिल्ह्यांत बसणार आणि यापुढे उन्हाळ्यात कुठल्या तालुक्यात टँकर पाठवायचे ते तिच्याच नकाशावरून ठरणार. सरांच्या हयातीचं काम मार्गी लागायचं तर त्या दिवशी, नाहीतर मग कधीच नाही. सर तसं कधी बोलले नाहीत, पण त्या आठवड्यात ते रोज इस्त्रीचा शर्ट घालून यायला लागले होते.

कॉम्प्युटरच्या खोलीत भिंतीवर सरांनी स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहून चिकटवली होती: नसलेला आकडा घालू नये. त्यामागे एक इतिहास होता. फार पूर्वी एका कारकुनानं विहिरीवर न जाताच घरी बसून, गेल्या वर्षीचे आकडे थोडे इकडेतिकडे करून भरले होते. सरांच्या ते लक्षात आलं तेव्हा त्यांनी त्या भागाचं अख्खं वर्ष रद्द केलं. वरून दडपण आलं तरी ते ढिम्म हलले नाहीत. माहिती नाही तर नाही म्हणा, पण अंदाजानं भरू नका, हे ते इतक्या वेळा सांगायचे की आम्ही त्यांच्या मागे नक्कल करायचो. माझी नक्कल त्यातल्या त्यात बरी व्हायची.

सोमवारी सकाळी सर यायच्या आत मी साळकोटची फाइल उघडली. सरासरी पुन्हा काढली तर ती तीच आली. मग मला एक साधी गोष्ट सुचली, इतकी साधी की आजवर ती कुणाला का सुचली नाही याचंच नवल वाटलं. ही सरासरी किती विहिरींची आहे, ते मी प्रोग्रॅमला विचारलं. जलरेखा हा आकडा छापत नसे, मला त्यासाठी दोन ओळी वाढवाव्या लागल्या. उत्तर पडद्यावर आलं आणि मी खुर्चीत मागे टेकले. मग ते सगळं कागदावर छापून घेतलं.

सर आले, त्यांनी नेहमीप्रमाणे हीटरवर चहाचं आधण ठेवलं. मी त्यांच्यापुढे छापलेला कागद ठेवला आणि उभीच राहिले.

"हे काय, गाडेकरबाई?"

"सर, सुरुवातीच्या वर्षी साळकोटच्या सरासरीत तालुक्यातल्या आपल्या सगळ्या विहिरी होत्या. या मार्चमध्ये निम्म्याही नाहीत. आणि ज्या उरल्यात त्या नदीकाठच्या आणि कालव्याखालच्या आहेत."

"बाकीच्यांच्या नोंदी आल्या नसतील."

"आल्यात सर. निरीक्षकांनी 'कोरडी' असं लिहून पाठवलंय. पण आपल्या रकान्यात आकडाच बसतो, शब्द बसत नाही. म्हणून भरणारा ती जागा रिकामी सोडून पुढे जातो. आणि रिकामी जागा दिसली की प्रोग्रॅम ती विहीर धरतच नाही."

सरांनी मान न वळवता भिंतीकडे बोट केलं. "ती ओळ मी विचार करून लिहिलीय. विहिरीला कुलूप असतं, निरीक्षक आजारी पडतो, फीत तुटते. आकडा नसेल तर तो आपण घालायचा नाही. उरलेल्यांची सरासरी काढायची."

"हो सर. कुलूप असेल तर ते बरोबरच आहे. पण पाणी तळाच्याही खाली गेलं म्हणून जागा रिकामी राहिली असेल तर..."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तर जितक्या विहिरी आटतील," ते सावकाश म्हणाले, "तितकं आपल्या नकाशात पाणी वर येईल."

नापास होणारी पोरं परीक्षेलाच बसवली नाहीत, तर शाळेचा निकाल दरवर्षी सुधारतो. तसंच झालं होतं. आणि वाईट याचं वाटत होतं की यात कुणीच लबाडी केली नव्हती. निरीक्षकानं खरं तेच लिहिलं, भरणाऱ्यानं नियम पाळला, आणि सरांनी तर आयुष्यभर ज्या गोष्टीसाठी भांडणं ओढवून घेतली तीच ओळ प्रोग्रॅममध्ये लिहिली. एखादा लबाड माणूस असता तर कोरड्या विहिरीपुढे काहीतरी आकडा ठोकून मोकळा झाला असता आणि कदाचित खऱ्याच्या जास्त जवळ गेला असता.

आधण उतू गेलं. सरांनी हीटर बंद केला, पण चहा काही केला नाही. ते माझ्या खुर्चीत बसले आणि मला कोरड्या विहिरींची खोली वाचून दाखवायला सांगितली. कोरडी असेल तिथे विहिरीच्या तळाचीच खोली घालायची, असं त्यांनी ठरवलं.

"हेही खरं नाही," टाइप करता करता ते पुटपुटले. "पाणी याच्याही खाली असणार. पण निदान याच्या वर नाही, एवढं आपल्याला ठाऊक आहे."

त्यांना ते जड जात होतं. प्रत्येक आकडा घालताना ते क्षणभर थांबायचे. दुपार उलटून गेली तरी त्यांचा डबा तसाच होता. मग प्रिंटर करकरायला लागला आणि साळकोटची रेघ कागदावर खाली खाली उतरत गेली. सरांनी कागद फाडून घेतला, पाहिला आणि शेजारच्या तालुक्याची फाइल मागितली. मग त्याच्या पुढच्या तालुक्याची. पाणी असलेल्या भागात फारसा फरक पडत नव्हता. जिथे दुष्काळ होता, तिथेच नकाशा उलटा होत होता. जिथे खरं सांगायची सगळ्यात जास्त गरज होती, नेमकं तिथेच जलरेखा चुकत होती.

"गेल्या उन्हाळ्यात नाईकनवऱ्यांनी हे नकाशे जिल्ह्यांना पाठवले होते," सर म्हणाले. "त्याच्या आदल्या उन्हाळ्यातही."

"ते फक्त माहितीसाठी होते, सर."

"माहितीसाठीच होते," ते म्हणाले.

मला त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. मी म्हटलं की ओळ तर आता दुरुस्त झालीच आहे, उद्या दुरुस्त केलेलाच प्रोग्रॅम दाखवू, साळकोटऐवजी दुसरा एखादा तालुका घेऊ. पाहुण्यांना कळायचं काही कारण नाही. आणि यापुढचे नकाशे बरोबरच येतील. मला ते मनापासून वाटत होतं. दमलेल्या माणसाला सोयीची गोष्ट लवकर पटते, आणि त्या दिवशी आम्ही दोघंही फार दमलो होतो.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, नुसतंच. "हे तुम्ही कुणाला बोललात?"

"नाही सर."

"नाईकनवऱ्यांना?"

"कुणालाच नाही."

"बोलू नका. कुणालाही नाही. घरीसुद्धा नाही. आता घरी जा, बहीण आलीय ना तुमची."

मी निघाले. मागे वळून पाहिलं तर सर त्या भिंतीवरच्या ओळीसमोर उभे होते. प्रकरण दडपायचं ठरलं, असंच मी समजले. मला सुटल्यासारखं वाटलं आणि सरांविषयी थोडं वाईटही वाटलं. म्हटलं, शेवटी हेही माणूसच आहेत. घरी अक्का पातेल्यात पाणी साठवत बसली होती. मी तिच्याशी फारसं बोलले नाही.

मंगळवारी बैठकीच्या खोलीत जाजम टाकलं होतं, काजू ठेवले होते. मुंबईचे साहेब उशिरा आले. प्रवासानं कंटाळलेले होते, येताच त्यांनी जेवणाचं किती वाजता ते विचारून घेतलं. नाईकनवरे साहेबांनी छान प्रस्तावना केली. बंधारे, लोकसहभाग, आणि हे सगळं टिपणारा आपला स्वतःचा, आपल्या मातीतला प्रोग्रॅम. मग त्यांनी मला खूण केली. मी सरांकडे पाहिलं. साळकोट काढा, असं ते नुसते ओठ हलवून म्हणाले.

मी निळा नकाशा लावला. साहेबांनी मान डोलावली. नाईकनवरे साहेब खुर्चीत सैल बसले. मग सर उठले.

"हा नकाशा चूक आहे," ते म्हणाले. "आता गाडेकरबाई दुसरा लावतील, तो त्यातल्या त्यात बरोबर आहे."

मी दुसरी फ्लॉपी घातली आणि साळकोट लाल झालं. सरांनी सगळं सांगितलं, अगदी वर्गात समजावतात तसं. कोरडी विहीर, रिकामा रकाना, आपली ओळ, ती का लिहिली आणि ती कुठे फसली. गेल्या दोन उन्हाळ्यांत जिल्ह्यांना गेलेले नकाशेही मागे घ्यावे लागतील, हेही सांगितलं. आवाज चढवला नाही, माफी मागितली नाही, कुणावर ढकललंही नाही. खोलीत कुणी काजूला हात लावत नव्हतं.

साहेबांपैकी वयानं मोठे होते त्यांनी विचारलं, "ही चूक कुणाच्या लक्षात आली?"

मी मान वर केली. कबूल करते की त्या क्षणी मला भीती वाटत होती आणि थोडा अभिमानही वाटत होता. इतक्या वर्षांत, इतक्या लोकांना न दिसलेलं मला दिसलं होतं. सर आता माझं नाव घेतील, असं मला वाटलं.

"माझ्याच," सर म्हणाले.

"तुला कुणी दाखवली?" नाईकनवरे साहेबांनी मध्येच विचारलं. त्यांच्या मानेवरची शीर फुगली होती. "आवटी, कालपर्यंत सगळं ठीक होतं. कुणी दाखवली तुला?"

"कोण दाखवणार? प्रोग्रॅम माझा, ओळ माझी. काल तपासत बसलो होतो, सापडली." सर माझ्याकडे पाहत नव्हते. "बाईंनी फक्त आज फ्लॉपी बदलली."

बैठक लवकर संपली. सुधारून पुन्हा केव्हातरी दाखवा, असं साहेब म्हणाले, म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. मग ते जेवायला गेले. पॅसेजमध्ये नाईकनवरे साहेबांचा आवाज मला ऐकू आला. झाकली मूठ सव्वा लाखाची असते, आधी मंजुरी घ्यायची, मग काय त्या दुरुस्त्या करत बसायचं, एवढी अक्कल तुला या वयात यायला हवी होती, असं ते बोलत होते. सर नुसतं "हं" म्हणाले. मी त्यांच्यासाठी चहा घेऊन गेले तर त्यांनी कप हातात घेतला आणि म्हणाले की साळकोटच्या फाइलची एक प्रत काढून ठेवा. बाकी काही नाही. एक शब्द नाही.

मला फार लागलं. आज सांगताना हसू येतं, पण तेव्हा लागलं होतं. चूक त्यांची होती, ती सांगायचं धाडसही त्यांचं होतं, मग ती सापडल्याचं एवढंसं श्रेय माझ्याकडे राहिलं असतं तर त्यांचं काय गेलं असतं? फ्लॉपी बदलली म्हणे! संध्याकाळी अक्कापुढे मी रडलेच. सरांनी घरी बोलू नका म्हटलं होतं, ते मी मोडलं.

अक्कानं सगळं ऐकून घेतलं. तिला अर्धं कळलं असेल, अर्धं नसेल. "म्हंजे आमचा टँकर ऱ्हातोय न्हवं?" तिनं आधी ते विचारलं. तो राहणार होता. नवा प्रोग्रॅम नाही म्हटल्यावर टँकरच्या जुन्याच यादीवर काम भागणार होतं. "मग झालं की," ती म्हणाली आणि माझी वेणी घालायला घेतली. वेणी घालता घालता तिला चिडवायचं सुचलंच. "तू बी आमच्या हिरीवानी झालीस बघ, शैले. मोजणीतनं सुटलीस."

महिनाअखेर सर निवृत्त झाले. शाल आणि नारळ देऊन निरोप दिला गेला. नाईकनवरे साहेब कामाचं कारण सांगून आले नाहीत. त्याच आठवड्यात माझ्या कराराचा कागद सही होऊन आला, दरवर्षी यायचा तसा. मी तो घडी घालून पर्समध्ये ठेवला. त्याबद्दल वेगळा विचार करावा असं मला काही वाटलं नाही. पुढे दोन वर्षांनी मी कायम झाले.

जलरेखा कपाटात गेली. तिच्या जागी बाहेरच्या देशातला एक महागडा प्रोग्रॅम आला, रंगीत आणि देखणा. त्याचं प्रशिक्षण द्यायला आलेल्या तरुणाला मी पहिलाच प्रश्न विचारला, की रिकाम्या जागेचं हा काय करतो? "काळजी नको मॅडम, तो ती आपोआप वगळतो," तो अभिमानानं म्हणाला. ती जागा आपणच भरायची तर कुठली कळ दाबायची ते मी विचारून घेतलं आणि त्या दिवसापासून दर मार्चमध्ये कोरड्या विहिरी हातानं भरत आले. निवृत्त होईपर्यंत भरल्या. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

सरांकडे मी दिवाळीला जायची, फराळ द्यायची, त्यांच्या आम्लपित्ताची चौकशी करायची. त्या मंगळवारविषयी आम्ही कधीच बोललो नाही. ते विचारायचे फक्त बहिणीच्या विहिरीचं. आलं का पाणी? एक वर्ष आलंही होतं, तेव्हा ते लहान मुलासारखे खूश झाले. तरी माझ्या मनातली ती अढी काही पुरती गेली नव्हती. मी ती वागवत राहिले, जुनं दुखणं वागवावं तशी.

गेल्या वर्षी सर गेले. संस्थेच्या सभागृहात शोकसभा होती. नाईकनवरे साहेब माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले. आता काठी घेऊन चालतात, कानाला यंत्र आहे. वयानं माणूस मवाळ होतो, त्यातून शोकसभेत जास्तच होतो. समोर एकामागून एक लोक बोलत होते. सरांनी आयुष्यात नसलेला आकडा कधी घातला नाही, हे वाक्य प्रत्येकाच्या भाषणात होतं.

"फार छळलं मी त्याला," नाईकनवरे साहेब माझ्या कानाशी येऊन म्हणाले. त्यांना कमी ऐकू येत असल्यामुळे ते हळू बोलतात असं फक्त त्यांनाच वाटत होतं. "त्या बैठकीच्या दिवशी तर माझं डोकंच फिरलं होतं. तुम्ही होतात की तिथे. आठवतं?"

"आठवतं, सर."

"त्याचं मी काय वाकडं करणार? महिनाअखेर चाललाच होता तो. पण तुमचे करारवाल्यांचे कागद त्याच दिवशी टेबलावर होते सहीला. मला खात्री होती, हे कुणीतरी पोरांपैकी उकरून काढलंय. संध्याकाळी त्याला खोलीत बोलावून परत विचारलं. नाव सांग, म्हटलं. नुसतं नाव सांग, त्याचा कागद आत्ता फाडतो. खरंच फाडला असता हो, इतका पेटलो होतो. तर तो म्हणाला, कुणी नाही, माझी मलाच सापडली. आता आवटी म्हणतोय म्हटल्यावर ते खरंच असणार. तो काय खोटं बोलणारा माणूस? मग बसलो सगळ्यांच्या कागदांवर सह्या करत."

ते उसासा टाकून काठीवर हनुवटी टेकून बसले. मी समोर पाहत राहिले. सरांच्या फोटोला हार घातला होता. फोटोतही कपाळाला आठी होती. बाईंनी फक्त फ्लॉपी बदलली. कुणालाही नाही, घरीसुद्धा नाही. हे सगळं माझ्या इतकं जवळ इतकी वर्षं पडून होतं आणि मी ते मोजलंच नव्हतं. त्या एप्रिलपासून पुढचं सगळं डोळ्यांपुढून गेलं, मुलीची शाळा, कॉलेज, ह्यांचं आजारपण, स्वतःचं घर. मला रडू आवरेना. शेजारी बसलेल्यांना ते शोकसभेला शोभूनच दिसलं असणार.

सूत्रसंचालकांनी माझं नाव घेतलं. सरांच्या हाताखाली काम केलेल्या गाडेकरबाईंनी दोन शब्द बोलावेत, असं ते म्हणाले. मी काही लिहून आणलं नव्हतं. माइकपाशी गेले, पदरानं डोळे पुसले आणि समोर पाहिलं. नाईकनवरे साहेब कानातलं यंत्र नीट बसवत होते.

"आवटी सरांनी आयुष्यात नसलेला आकडा कधी घातला नाही, असं सगळे सांगताहेत," मी म्हटलं. "एकदा घातला होता. भर बैठकीत घातला होता, आणि त्याच संध्याकाळी विचारल्यावर पुन्हा घातला."

सभागृहात चुळबुळ झाली. मी ती थांबेपर्यंत थांबले, आणि मग अक्कानं तांदूळ धुतले तिथपासून सांगायला सुरुवात केली.